कॅप्टन सामंत : युद्धातले आणि शांततेतले
(द्वितीय वर्ष, कला)

पन्हाळ्याच्या तटावरून समुद्र दिसत नाही. गडाच्या पायथ्याच्या आमच्या गावातून फौजेत गेलेले पुष्कळ आहेत, पण ते सारे पायदळातले. त्यामुळे १९७१ च्या युद्धाविषयी वाचताना कॅप्टन मोहन नारायण राव सामंत हे मराठी नाव नौदलात भेटले, तेव्हा कुतूहल वाटले. त्यांचा परिचय करून देण्याचा हा अल्प प्रयत्न.

सामंत मूळचे पाणबुडीवरचे अधिकारी. ४ सप्टेंबर १९६९ रोजी रशियन बनावटीची ‘करंज’ ही पाणबुडी आपल्या नौदलात दाखल झाली. तिचे पहिले कप्तान तेच. १९७१ च्या मार्चमध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराने दडपशाही सुरू केली आणि सामंतांकडे वेगळीच कामगिरी आली. तो प्रदेश नद्यांचा. सैन्याचा दारूगोळा आणि धान्य बोटींनीच यायचे. बंदरे अडवली की फौजेची रसद तुटणार, असा हा विचार होता.

त्यासाठी प्लासीजवळ भागीरथीच्या काठी गुप्त छावणी उघडली. तिच्यात चारशेहून अधिक बंगाली तरुण तयार झाले. त्यांत विद्यार्थी होते, शेतकऱ्यांची मुले होती. लहानपणापासून नदीत पोहणे हेच त्यांचे भांडवल. छातीला गमछाने सुरुंग बांधायचा, अंधारात जहाजापर्यंत पोहत जायचे, चुंबकाने तो जहाजाच्या पोलादी अंगाला चिकटवायचा आणि स्फोटापूर्वी परत फिरायचे. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून ठरलेले गाणे लागले की ती खूण समजायची. १५ ऑगस्ट १९७१ च्या मध्यरात्रीनंतर चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथे एकाच रात्री स्फोट झाले. या मोहिमेची सूत्रे सामंतांच्या हाती होती.

मी स्वतः विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. ‘पोहून काय पोट भरणार आहे? पुस्तक धर,’ असे वडील म्हणत. त्यांना शाळा मिळाली नव्हती. त्यांचे बरोबरच होते. पण माझ्याच वयाच्या मुलांनी तेवढ्या एका विद्येवर जीव पणाला लावला, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

डिसेंबरमध्ये उघड युद्ध पेटले. ‘पद्मा’, ‘पलाश’ आणि ‘पनवेल’ या लहान बोटी घेऊन सामंत अनोळखी खाडीमार्गाने मोंगल्यावर चालून गेले आणि तेथून खुलन्याकडे वळले. १० डिसेंबर रोजी तेथे अघटित घडले. आपल्याच विमानांनी या बोटी शत्रूच्या समजून त्यांच्यावर हल्ला केला. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ बुडाल्या. ‘पलाश’वरचे रुहुल अमीन यांना मरण आले. पुढे बांगलादेशाने त्यांना ‘बीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान दिला. सामंत स्वतः थोडक्यात बचावले, पण माघारी फिरले नाहीत. पाण्यात पडलेल्यांना त्यांनी वाचवले आणि मोहीम पुढे चालू ठेवली. या पराक्रमाबद्दल त्यांना महावीरचक्र मिळाले. आपल्याच माणसांच्या चुकीचा घाव सोसून कर्तव्यावर टिकणे हे शत्रूशी लढण्यापेक्षाही अवघड असावे.

युद्ध संपले तरी त्यांचे काम संपले नाही. नव्या बांगलादेशाच्या नौदलाची उभारणी करायची होती. त्या नौदलाचे पहिले प्रमुख म्हणून सामंतांचे नाव घेतले जाते. ज्या देशाची बंदरे त्यांनी अडवली, त्याच देशाचे नौदल त्यांनी उभे केले! चितगाव बंदरातले सुरुंग आणि बुडालेली जहाजे काढायला सोव्हिएत नौदलाला १९७२ ते १९७४ अशी सुमारे दोन वर्षे लागली. एका रात्रीत बंद होणारे बंदर मोकळे करायला किती काळ जातो, हे यावरून कळते.

ही हकीकत कित्येक वर्षे गुप्त राहिली. २०१९ मध्ये तिच्यावर इंग्रजी पुस्तक आले. त्याचे एक लेखक स्वतः सामंत होते. त्याच वर्षी मार्चमध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

पन्हाळ्यावर बाजीप्रभूंचा पुतळा आहे, शिवा काशीदांचाही आहे. १६६० च्या त्या पावसाळी रात्री महाराजांची पालखी वाहणाऱ्या भोयांची नावे मात्र आम्हांला ठाऊक नाहीत. भागीरथीकाठच्या त्या पोरांचेही बहुतांशी तसेच झाले. सामंतांची थोरवी सांगताना त्यांनाही आठवावे, एवढेच मला म्हणायचे आहे. पदक एकाच्या छातीवर लागते. त्या रात्री सुरुंग मात्र अनेकांच्या छातीवर बांधलेले होते.