पिल्लू अनाथ असेलच असं नाही

हॉस्टेलच्या आवारात घुबडाचं पिल्लू पडलेलं दिसलं, की आपण ते रूमवर आणून दूध पाजतो. थांबा! कऱ्हाड, शिराळा भागात ऊसतोडीच्या वेळी बिबट्याचे बछडे सापडतात. वन विभाग ते संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतो, माणसांना लांब करतो. अनेकदा रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते.

आपणही तेच करायचं. पिल्लू धडधाकट असेल तर घरट्यात परत ठेवा; माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि १९२६ वर वन विभागाला कळवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

घुबड पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय माणसाळलेलं पिल्लू शिकार शिकत नाही, त्याचा जन्म पिंजऱ्यात जातो.