आळीचे मंडळ ते नोंदणीकृत संस्था

सार्वजनिक विहिरीचा गाळ काढण्यासाठी आळीतील माणसे एकत्र येतात, वर्गणी जमते. पण पैसा एकाच्याच नावावर राहतो. तो माणूस दगावला, की काम अडते आणि वाद होतात.

यासाठी सुरुवातीपासून सभेचे इतिवृत्त व जमाखर्चाची वही ठेवावी. काम टिकाऊ दिसताच नोंदणी करावी. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान ७ व्यक्ती लागतात. घटनापत्रात संस्थेचे नाव, उद्देश व कार्यकारिणीची नावे लिहावीत. सोबत नियमावली जोडावी. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी लागते.

अशा संस्थेची शिल्लक सभासदांत वाटता येत नाही. लाभांश हवा असल्यास सहकारी संस्था काढावी. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा व आळीपुढे वाचून दाखवावा.