देहकष्ट सोसण्याची सीमा

वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे थोर श्रद्धास्थान होय. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे असून रामनवमीस मोठी यात्रा भरते. चैत्राच्या उन्हात दूरदूरच्या तांड्यांतून लोक येतात. कित्येक पायी चालत येतात. अशा वेळी एक प्रश्न सहज उद्भवतो: मनुष्य आपखुशीने पराकाष्ठेचे देहकष्ट सोसू शकतो काय? आम्ही म्हणतो, सोसू शकतो. परंतु सर्व कष्ट सारखे नव्हेत. त्यांचे तीन प्रकार पाहू.

पहिला, भूक. इ. स. १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान राजवाड्यात बंदिवान असता गांधीजींनी १० फेब्रुवारीपासून २१ दिवस उपोषण केले. त्या वेळी त्यांचे वय ७३ वर्षांचे होते. अन्न बंद झाले म्हणजे शरीर प्रथम यकृतातील साखर वापरते, व ती सुमारे एका दिवसात सरली की चरबीवर निर्वाह करते. भूक पुष्कळ अवकाश देते. मात्र पाणी पाहिजेच. गांधीजींनीही पाणी सोडले नव्हते.

दुसरा, श्वासरोध. येथे निश्चय फार वेळ टिकत नाही. रक्तात कर्बवायू साचला की शरीर मनास न विचारता श्वास घेते. येथे देहच मनुष्याचे रक्षण करतो.

तिसरा, ऊन, आणि हाच सर्वांत फसवा. घाम वाळताना अंग निवते. पाणी न मिळाल्यास ही व्यवस्था ढासळते, आणि आतील उष्णता ४० अंश सेल्सिअसच्या वर गेली म्हणजे मेंदूत बिघाड होतो. ‘आता थांबावे’ हे ज्याने सांगावयाचे, तोच भ्रमिष्ट होतो! १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या समारंभास लक्षावधी लोक श्रद्धेने उघड्या मैदानात बसले होते. त्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. त्यांचा निश्चय दुबळा नव्हता. निश्चयाने ऊन जिंकता येत नाही, इतकेच.

ह्यावरून काय शिकावे? उन्हात कोणीही स्वतःचा न्यायाधीश होऊ नये. वाटेस लागण्यापूर्वीच विसाव्याची ठिकाणे ठरवावी, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, व सोबत्यावर दृष्टी ठेवावी. तो असंबद्ध बोलू लागला, किंवा त्याचा झोक गेला, तर ‘मी ठीक आहे’ ह्या त्याच्या शब्दावर विसंबू नये. त्याला सावलीत निजवून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

वाचकहो, आपल्याही गावावरून यात्रेकरू जात असतील. त्यांच्यासाठी झाडाखाली पाण्याचा रांजण भरून ठेवा. कष्ट सोसणाऱ्याचे धैर्य मोठे खरे. परंतु सावलीस बसल्याने कोणाचा नवस मोडत नाही, हे त्याला प्रेमाने सांगणारा शेजारीही तितकाच अगत्याचा आहे.