लॅपटॉपचा वेग वाढवावा का?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय-७ १२७००एच प्रोसेसर आहे. व्हिडिओ एडिटिंगसाठी तो ओव्हरक्लॉक करू का?

उत्तर : करू नका. मुळात या प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक कंपनीनेच कुलूपबंद ठेवला आहे. तो बदलण्याची मोकळीक मुख्यतः एचके आणि एचएक्स प्रकारांना असते. पण तो खुला असता तरी मी नकोच म्हटले असते. वेग वाढवला की बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. व्होल्टेज १० टक्के वाढले, तर तेवढ्यानेच खप सुमारे २१ टक्के जास्त. ही सगळी उष्णता बोटभर जाडीच्या डब्यातून बाहेर काढायची, तीही बहुतेकदा ग्राफिक्स चिपसोबत वाटून घेतलेल्या तांब्याच्या नळ्यांतून! १०० अंश सेल्सिअसजवळ प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, म्हणजे कमावलेले तिथेच गेले. शेजारची बॅटरी मात्र त्या धगीने लवकर क्षीण होते, फुगूही शकते. मला खरी काळजी तिचीच वाटते.

त्यापेक्षा पंख्यातली धूळ साफ करून घ्या, जुनी थर्मल पेस्ट बदला, गादीवर ठेवून रेंडर लावू नका. रॅम ८ जीबी असेल, तर आधी १६ करा.