आधी पाहुण्यांची यादी, मग मांडव
प्रश्न : धान विकून आलेल्या पैशांतच मुलीचं लग्न उरकायचं आहे. कर्ज न काढता, तिच्या हौशीप्रमाणे कसं जमवावं? – एक वाचक, पोंभुर्णा

उत्तर : लग्नाचा खर्च पाहुण्यांच्या यादीने वाढतो. जेवण, खुर्च्या, पाणी, मांडवाची लांबी सगळं त्याच आकड्यावर ठरतं. ताट दीडशे रुपयांचं धरलं, तर आठशे पानांचे १,२०,००० होतात, तीनशेंचे ४५,०००. म्हणून आधी यादी लिहा, मग आचारी ठरवा. गावजेवण नसेल तर लोक नावं ठेवतील, ही भीती खोटी नाही. पण कर्जाचे हप्ते तुम्हालाच फेडायचे आहेत. २५ डिसेंबर १८७३ रोजी सावित्रीबाई फुले यांच्या पुढाकाराने पहिला सत्यशोधक विवाह लागला, तोही भटजीविना आणि अल्प खर्चात. तेव्हाचा विरोध आजच्या कुजबुजीपेक्षा कितीतरी कडवा होता. गावाचा मान राखायचाच, तर हळदीला सर्वांना चहा-चिवडा द्या आणि पंगत नात्यागोत्यापुरती ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा मुहूर्त संध्याकाळचा धरा. कूलरचं भाडंही कमी लागेल. हौशीचं म्हणाल, तर मुलीलाच विचारा : साडी, फोटो की वाजंत्री? तिच्या पसंतीच्या एका गोष्टीवर मोकळ्या हाताने खर्च करा. नोंदणी विवाह हवा असेल, तर १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते.