पाळलेलें मूल आणि दत्तक मूल

आमच्या ओळखीच्या एका खेड्यांत एका निपुत्रिक जोडप्यानें पत्नीच्या मयत बहिणीची तान्ही मुलगी घरीं आणिली. मुलीच्या बापानें स्टँपाच्या कागदावर अंगठा दिला, बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत आईबाप म्हणून ह्या जोडप्याचींच नांवें पडलीं, आणि मुलगी दत्तक झाली असें सर्वांस वाटलें. पंधरा वर्षांनीं तो गृहस्थ मृत्युपत्र न करितां वारला. मातीस आठ दिवस झाले नाहींत तोंच त्याचे भाऊ दारीं येऊन म्हणाले, "वहिनी, ही पोर आमच्या भावाची कोण?" सन १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणें अर्धी मिळकत विधवेस मिळाली, अर्धी भावांकडे गेली; मुलीस कांहीं नाहीं. तीच मुलगी कायद्यानें दत्तक असती, तर विधवेस एक तृतीयांश व मुलीस दोन तृतीयांश मिळून भावांचा हक्कच उरला नसता.

तर उपदेशक बंधूंनो, मूल पाळणें निराळें व दत्तक घेणें निराळें, हें आपण नीट समजून घेऊं.

सन १९५६ चा हिंदु दत्तक कायदा हिंदु, बौद्ध, जैन व शीख ह्यांस लागू आहे, ख्रिस्ती लोकांस नाहीं. त्यामुळें आम्हांस पुष्कळ वर्षें सन १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचाच आधार होता. त्या कायद्यानें मनुष्य पालक होतो, बाप होत नाहीं. मूल वयांत आलें कीं पालकत्व संपतें, आणि वारसाहि मिळत नाहीं. पुढें बाल न्याय कायद्यानें वाट मोकळी झाली. सन २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, ह्या कायद्याखालीं कोणत्याहि धर्माच्या मनुष्यास मूल दत्तक घेतां येतें. आज सन २०१५ चा बाल न्याय कायदा चालू आहे. त्याप्रमाणें हुकूम झाला म्हणजे मूल वारशासह सर्व बाबतींत दत्तक आईबापांचें होतें.

ह्या कायद्यांत दोन मुख्य वाटा आहेत. पहिली, अनाथ, टाकलेलें किंवा आईबापांनीं बाल कल्याण समितीच्या स्वाधीन केलेलें मूल घेण्याची. त्यासाठीं सरकारच्या 'कारा' ह्या प्राधिकरणाकडे नांव नोंदवावें लागतें. जिल्हा बाल संरक्षण कक्षांत माहिती मिळते. जोडप्याच्या विवाहास दोन वर्षें झालेलीं असावीं. एकट्या स्त्रीस मुलगा किंवा मुलगी घेतां येते. एकट्या पुरुषास मुलगी घेतां येत नाहीं. दुसरी वाट नातलगाच्या मुलाची. येथें नातलग म्हणजे मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी, आजी व आजोबा. मर्दखयानें चुलत्याची पोरकी मुलगी एस्तेर हिला कन्या मानिलें. परंतु चुलत भाऊ आजच्या ह्या यादींत येत नाहीं.

मग वकिलाकडे केव्हां जावें? नातें यादींत बसत नसेल, मुलाच्या आईबापांपैकीं एक बेपत्ता असेल, मूल सावत्र असेल, भाऊबंद हरकत घेतील अशी भीति असेल, किंवा मूल नुसत्या स्टँपाच्या कागदावर घरीं वाढत असेल, तर विलंब न करितां जावें. सन २०२१ च्या दुरुस्तीनें हुकुमाचा अधिकार न्यायालयाऐवजीं जिल्हा दंडाधिकाऱ्यांस दिला आहे. म्हणून अर्ज कोठें करावा हेंहि विचारून घ्यावें. खर्चास भिऊं नये. सन १९८७ च्या कायद्यानें स्त्रियांस व मुलांस, त्यांची मिळकत कितीहि असो, जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो.

एक गोष्ट मात्र कोणी करूं नये. पैसे देऊन किंवा दवाखान्यांतून परस्पर मूल आणणें हा तुरुंगाचा गुन्हा आहे. टाकलेलें मूल सांपडल्यास दया येऊन तें घरींच ठेवूं नये. चोवीस तासांच्या आंत पोलिसांस, समितीस किंवा १०९८ ह्या दूरध्वनीवर कळवावें.

आपल्या मंडळींत असें पाळलेलें मूल आहे काय, हें ह्याच आठवड्यांत पाहा. असल्यास नोंदवहींत खऱ्या आईबापांचीं नांवें ठेवा, आणि पाळणारा धडधाकट आहे तोंवर त्याला हातीं धरून वकिलाकडे न्या. हुकूम होईपर्यंत निदान मृत्युपत्र तरी करवून घ्या. त्या विधवेच्या दारीं आम्ही उशीरा पोहोंचलों. तुम्हीं तसें करूं नका.