संगणकाची स्मृती : वेग, विलंब आणि किंमत

संगणकावर खेळ खेळण्याची आवड असलेला एखादा विद्यार्थी दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रॅम विकत घ्यावयास जातो, तेव्हा दुकानदार त्याच्यापुढे दोन खोकी ठेवतो. एकावर ‘डीडीआर ४-३२००, सीएल १६’ असे छापलेले असते, तर दुसऱ्यावर ‘डीडीआर ४-३६००, सीएल १८’ असे. ज्याची दृष्टी मोठ्या आकड्याकडे जाते, त्याला दुसरी रॅम वेगवान वाटते. ज्याने ‘सीएल जितका कमी तितका बरा’ असे ऐकलेले असते, तो पहिलीची निवड करतो. वस्तुतः मागितलेली माहिती बाहेर देण्यास सुरुवात करण्यापूर्वी ह्या दोन्हींना लागणारा हा विलंब अगदी सारखा, म्हणजे १० नॅनोसेकंद आहे. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. हे दोन आकडे एकत्र कसे वाचावेत आणि त्यांच्यासाठी किती पैसे मोजणे योग्य ठरेल, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

स्मृतीची रचना

रॅममधील माहितीचा प्रत्येक लहानात लहान घटक एका सूक्ष्म धारित्रात विद्युत् भाराच्या रूपाने साठविलेला असतो, व त्या धारित्राचे दार एक ट्रँझिस्टर उघडतो आणि मिटतो. एक ट्रँझिस्टर व एक धारित्र ही जोडी पुरेशी आहे, ही कल्पना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड ह्यांची असून तिचे एकस्व त्यांना १९६८ साली मिळाले. धारित्रातील भार आपोआप झिरपत जातो. म्हणून तो पुनःपुन्हा भरावा लागतो. डीडीआर ४ प्रकारात सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ अशी ताजी केली जाते.

ही धारित्रे ओळी आणि स्तंभ ह्यांत मांडलेली असतात. जुन्या कचेरीतील दप्तरखान्याची कल्पना केल्यास ही व्यवस्था ध्यानात येईल. कारकुनाला एखादा कागद हवा असेल, तर तो प्रथम योग्य रुमाल सोडून मेजावर पसरतो आणि मग त्यातील कागद उचलतो. त्याच रुमालातील दुसरा कागद हवा असल्यास काम चटकन होते. परंतु दुसऱ्या रुमालातील हवा असल्यास पहिला बांधून ठेवावा लागतो. रॅममध्ये रुमालाच्या जागी ओळ असते, इतकाच फरक.

खोक्यावरील चार आकडे

डीडीआर ५-६००० च्या एखाद्या जोडीवर ‘३०-३८-३८-९६’ असे आकडे आढळतात. पहिला आकडा सीएल होय : ओळ आधीच उघडी असताना स्तंभाची मागणी केल्यापासून माहिती बाहेर पडू लागेपर्यंत जाणारे ठोके. दुसरा आकडा ओळ उघडण्यास लागणारे ठोके सांगतो व तिसरा ती मिटण्यास लागणारे. चौथा आकडा ओळ निदान किती ठोके उघडी राहिली पाहिजे, हे दर्शवितो.

येथे ‘ठोके’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ठोका हे काही ठराविक कालमान नव्हे. रॅमचा वेग वाढला की ठोका आखूड होतो. डीडीआर प्रकारात प्रत्येक ठोक्यास माहितीची दोनदा देवाणघेवाण होते. म्हणून ६००० ह्या आकड्याचा अर्थ सेकंदास ६०० कोटी देवाणघेवाणी, पण ठोके ३०० कोटी, असा होतो. ह्यावरून पुढील सोपा नियम निघतो :

विलंब (नॅनोसेकंद) = २००० × सीएल ÷ वेगाचा आकडा

आरंभीच्या दोन खोक्यांना हा नियम लावला, तर २००० × १६ ÷ ३२०० = १० आणि २००० × १८ ÷ ३६०० = १० अशी उत्तरे येतात. डीडीआर ५-६००० सीएल ३० चे उत्तरही १० च आहे. तिच्यावरचा ३० हा आकडा पाहून ती जुन्या सीएल १६ च्या रॅमपेक्षा मंद आहे असे समजणे, ही भूल होय.

उरलेल्या आकड्यांचाही हिशेब असाच करता येतो. वरील जोडीत ओळ उघडी असल्यास ३० ठोके, म्हणजे १० नॅनोसेकंद लागतात. ओळ मिटलेली असल्यास ३८ + ३० = ६८ ठोके, म्हणजे सुमारे २२.७ नॅनोसेकंद, आणि दुसरीच ओळ उघडी असल्यास ती मिटण्याचे ३८ ठोके धरून १०६ ठोके, म्हणजे सुमारे ३५.३ नॅनोसेकंद. प्रोसेसरपासून रॅमपर्यंत जाण्यायेण्याचा काळ ह्याखेरीज वेगळा. सारांश, केवळ सीएल पाहून भागत नाही. दुसरा व तिसरा आकडाही पाहिला पाहिजे.

वेग वाढला, विलंब घटला नाही

पुढील कोष्टकात पाच पिढ्यांतील एकेक नमुना दिला आहे.

डीडीआर-४००, सीएल २.५ : १२.५ नॅनोसेकंद
डीडीआर २-८००, सीएल ५ : १२.५ नॅनोसेकंद
डीडीआर ३-१६००, सीएल ९ : ११.२५ नॅनोसेकंद
डीडीआर ४-३२००, सीएल १६ : १० नॅनोसेकंद
डीडीआर ५-६०००, सीएल ३० : १० नॅनोसेकंद

वेगाचा आकडा पंधरापट झाला, परंतु विलंब केवळ एक पंचमांशाने कमी झाला. ह्याचे कारण धारित्रातच आहे. त्यातील अत्यल्प भार लांब तारेवर उतरवून तो ओळखता येण्याइतका वाढविण्यास लागणारा काळ मनास येईल तसा कमी करता येत नाही. याउलट, एकदा उघडलेल्या ओळीतून पुष्कळ माहिती एकदम बाहेर काढणे शक्य असते. म्हणून नव्या पिढ्यांनी मुख्यतः वाहतुकीचा रस्ता रुंद केला. डीडीआर ४-३२०० ची एक पट्टी सेकंदास जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माहिती देऊ शकते, तर डीडीआर ५-६००० ची ४८ गिगाबाइट.

खेळाला विलंब कोठे बोचतो

सेकंदास १४४ चित्रे दाखवावयाची, तर प्रत्येक चित्रास जेमतेम ६.९ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या काळात प्रोसेसरला पात्रांच्या जागा, टकरी, शत्रूंच्या हालचाली ह्यांचा हिशेब करून ग्राफिक्स कार्डास आज्ञा द्यावयाच्या असतात. ही माहिती स्मृतीत विखुरलेली असते. प्रोसेसरच्या अंगच्या छोट्या स्मृतीत, म्हणजे कॅशमध्ये, ती सापडली तर उत्तम. न सापडल्यास रॅमकडे धाव घ्यावी लागते आणि तेथे विलंब जाणवतो. ज्या प्रोसेसरांत कॅश मोठी असते, त्यांना रॅमच्या आकड्यांचा फरक कमी जाणवतो, त्याचे कारण हेच. २०२२ साली आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी ह्या प्रोसेसरात अशी ९६ मेगाबाइटची मोठी कॅश होती.

परंतु चित्र अतिशय सूक्ष्म व भरगच्च असेल, तर मुख्य श्रम ग्राफिक्स कार्डावर पडतात. त्या कार्डाची स्मृती स्वतंत्र असते. अशा वेळी महागडी रॅम बसवूनही चित्रसंख्येत फारसा फरक पडत नाही. ज्यांच्याजवळ वेगळे कार्ड नाही व प्रोसेसरमध्येच चित्रनिर्मितीची सोय आहे, त्यांची स्थिती नेमकी उलट असते : तेथे चित्रेही ह्याच रॅममधून जात असल्यामुळे रुंद रस्ता फार मोलाचा ठरतो.

किंमतीचा हिशेब

समजा, डीडीआर ५ च्या ३२ गिगाबाइटच्या चार जोड्या पुढे आहेत. त्यांच्या किंमती बाजारात रोज बदलतात. म्हणून येथे केवळ उदाहरणादाखल पहिलीची किंमत १०० धरली आहे.

अ. ५६००, सीएल ४६, किंमत १०० : विलंब १६.४
आ. ६०००, सीएल ३६, किंमत १०५ : विलंब १२
इ. ६०००, सीएल ३०, किंमत ११५ : विलंब १०
ई. ७२००, सीएल ३४, किंमत १४० : विलंब ९.४

‘अ’ वरून ‘आ’ वर जाताना ५ एककांत ४.४ नॅनोसेकंद वाचतात. ‘आ’ वरून ‘इ’ साठी १० एकके देऊन २ नॅनोसेकंद मिळतात. ‘ई’ साठी मात्र आणखी २५ एकके मोजूनही अर्ध्या नॅनोसेकंदाहून थोडीच अधिक बचत होते. तिचा रस्ता रुंद आहे खरा, पण तो वेग मदरबोर्ड व प्रोसेसर ह्यांना पेलेलच असे नाही. रायझन ७००० मालिकेच्या वेळी एएमडी कंपनीने ६००० हाच सोयीचा वेग म्हणून सुचविला होता.

आकड्यांपूर्वी आकारमानाचा विचार करणे अगत्याचे आहे. रॅम अपुरी पडली की संगणक एसएसडीवर माहिती ठेवू लागतो. तेथील विलंब हजारपटींच्या घरात असतो, आणि खेळ मध्येच अडखळतो. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून रॅमच्या किंमती जगभर झपाट्याने चढल्या. अशा काळी दोन नॅनोसेकंदांसाठी आकारमान निम्मे करणे, हा तोट्याचा व्यवहार होय.

पैसे वाया जाण्याच्या वाटा

पहिली वाट एकच पट्टी घेण्याची. घरगुती संगणकात सामान्यतः दोन वाहिन्या असतात. १६ गिगाबाइटच्या एका पट्टीऐवजी ८ गिगाबाइटच्या दोन योग्य खाचांत बसविल्यास रस्ता दुप्पट होतो. दुसरी वाट चार पट्ट्या भरण्याची : डीडीआर ५ मध्ये त्यामुळे वेग बहुधा उतरवावा लागतो. तिसरी वाट प्रकार न पाहण्याची. डीडीआर ४ व डीडीआर ५ ह्या दोहोंच्या मेजावरील संगणकाच्या पट्ट्यांना २८८ च टोके असली, तरी खाचेची जागा भिन्न असल्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही.

चौथी वाट सर्वांत दुःखद आहे. ६००० ची रॅम बसविली, तरी ती आरंभी बहुधा ४८०० अशा सर्वमान्य मंद वेगानेच चालते. छापील वेग मिळविण्यासाठी मदरबोर्डाच्या बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय चालू करावी लागते. कष्टाने साठविलेल्या पैशांतून वेगवान रॅम घ्यावी आणि वर्षानुवर्षे ती मंद चालवावी, असे अनेकांच्या बाबतीत केवळ अज्ञानाने घडते.

तात्पर्य

प्रथम पुरेसे आकारमान, मग पट्ट्यांची जोडी, त्यानंतर मदरबोर्डास मानवणारा वेग, आणि शेवटी त्या वेगाशी भागून काढलेला विलंब, हा निवडीचा योग्य क्रम होय. उरलेला पैसा ग्राफिक्स कार्डाकडे वळविल्यास बहुतेक खेळांत त्याचे फळ अधिक मिळते. खोक्यावरील कोणताही एक आकडा एकट्याने खरे सांगत नाही. दोन आकडे आणि एक भागाकार मात्र पुष्कळ काही सांगून जातात, आणि तो भागाकार दुकानात उभ्या उभ्या करता येतो.